१.३ कोटी लोक एका रांगेत: ‘आपलंच राहून जाईल’ ही भीती येते कुठून?

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. दुपारी बारा वाजता ‘बुक माय शो’वर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू होणार होती. बारा वाजायच्या आतच अ‍ॅप आणि वेबसाइट दोन्ही कोलमडल्या. थोड्या वेळाने गाडी रुळावर आली आणि लोकांना स्क्रीनवर आपला रांगेतला नंबर दिसायला लागला. तो होता लाखांत. आता लाखांतला नंबर म्हणजे तिकीट मिळणार नाही हे उघड आहे. तरी लोकांनी फोन खाली ठेवला नाही. त्या नंबरचा स्क्रीनशॉट काढला आणि स्टोरीला टाकला.

त्या दिवशी किती लोक रांगेत होते? कंपनीने नंतर आकडा सांगितला, १ कोटी ३० लाख. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळी मुंबई रांगेत उभी केली तरी कमीच पडली असती.

कार्यक्रम होते नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, १८ आणि १९ जानेवारी २०२५ ला. मागणी बघून त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला. तिकिटं अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंत. ती हातोहात संपली आणि लगेच दुसऱ्या वेबसाइटवर लाखांच्या भावाने दिसायला लागली. मग तक्रारी झाल्या. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुक माय शोच्या प्रमुखांना चौकशीला बोलावलं. कंपनीने स्वतःही तिकिटं चढ्या भावाने विकणाऱ्या वेबसाइटविरोधात पोलिसांत तक्रार दिली. ऑक्टोबरमध्ये ईडीने मुंबईसह पाच शहरांत छापे टाकले. कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमांची तिकिटं, त्यातली काही चक्क बनावट, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरून विकली जात होती, असं ईडीने सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. काळ्या बाजाराबद्दल नियम करणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम आहे, असं म्हणत न्यायालयाने ती जानेवारी २०२५ मध्ये, कार्यक्रमाच्या तोंडावर फेटाळली.

या सगळ्या धावपळीत एक साधा प्रश्न मागे पडला. कोल्डप्ले इतकं आवडणारे सव्वा कोटी लोक खरंच आहेत का? हाच बँड १९ नोव्हेंबर २०१६ ला बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर येऊन गेला होता, ‘ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हल’साठी. गर्दी तेव्हाही मोठी झाली होती, पण असं काही घडलं नव्हतं. आठ वर्षांत बँडची गाणी काही इतकी बदलली नाहीत. बदललं ते हे की, २०२४ मध्ये प्रत्येकाला दिसत होतं की बाकीचे सगळे रांगेत उभे आहेत.

या भीतीला इंग्रजीत ‘फिअर ऑफ मिसिंग आउट’ म्हणतात, थोडक्यात ‘फोमो’. आपल्याकडे त्यासाठी वेगळा शब्द घडवायची गरज नाही. ‘राहून गेलं’ हे दोन शब्द पुरतात. फरक इतकाच की ‘राहून गेलं’ ही नंतरची हळहळ आहे. फोमो आधीच सुरू होतो, राहून जाईल म्हणून.

शब्द जुना, फोन नवा

फोमो हे सोशल मीडियाचं अपत्य आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. डॅन हर्मन नावाच्या मार्केटिंगवाल्याने २००० मध्येच या भीतीबद्दल लिहिलं होतं, तेही ग्राहकांना वस्तू कशा विकाव्यात या संदर्भात. ‘फोमो’ हे छोटं नाव रूढ झालं ते २००४ मध्ये, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या ‘द हार्बस’ या पत्रातल्या पॅट्रिक मॅकगिनिसच्या लेखातून. एकाच रात्री पाच पार्ट्यांना जाऊ पाहणाऱ्या आपल्या वर्गमित्रांची त्याने त्यात टर उडवली होती. फेसबुक तेव्हा नुकतंच जन्माला आलं होतं.

मानसशास्त्राने याची नीट मोजदाद केली २०१३ मध्ये. अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. मित्र आपल्याशिवाय मजा करतायत हे कळलं की अस्वस्थ वाटतं का, अशा धर्तीचे प्रश्न. त्यात दिसलं असं की, ज्यांना आयुष्यात आपलेपणा, आपल्या मनासारखं वागण्याची मोकळीक आणि ‘मला हे जमतं’ ही भावना कमी मिळते, त्यांच्यात फोमो जास्त असतो. आणि ज्यांच्यात फोमो जास्त, ते तास चालू असताना, इतकंच काय गाडी चालवतानाही फोन बघण्याची शक्यता जास्त. थोडक्यात, आधी काहीतरी कमी असतं, मग माणूस फोनकडे वळतो आणि फोन ती कमतरता आणखी ठळक करतो.

दहिसरहून दिसणारी मुंबई

आता हेच दहिसरला नेऊन बघा. पश्चिम रेल्वेवर मुंबई महापालिकेची हद्द जिथे संपते ते हे शेवटचं स्टेशन. पुढे मिरा रोड लागलं की महापालिका बदलते. चर्चगेट इथून साधारण ३६ किलोमीटर. लांब पल्ल्याच्या गाड्या दहिसरला थांबतच नाहीत, त्यासाठी बोरिवलीला जावं लागतं. पत्ता मुंबईचा, पिनकोड मुंबईचा, पण रीलमध्ये जी मुंबई दिसते ती मरीन ड्राइव्हची, काळा घोड्याची, वांद्र्याच्या कॅफेची आणि लोअर परळच्या गच्चीवरची.

कॉलेजमधला ग्रुप शनिवारी रात्री दक्षिण मुंबईत जमणार असेल, तर दहिसरच्या मुलीला आधी तीन हिशेब करावे लागतात. जायला-यायला मिळून अडीच-तीन तास. शेवटची विरार लोकल चुकली तर रिक्षा-टॅक्सीचे पैसे. आणि घरी काय सांगायचं. नेरूळला जायचं तर अंधेरीला उतरून हार्बर पकडायची, म्हणजे हिशेब आणखी वाढला. बरेचदा उत्तर ‘तुम्ही जा, मी पुढच्या वेळी’ असं येतं. मग रात्री अकरा वाजता एकामागून एक बारा स्टोरी येतात. त्यातल्या एका फोटोत सगळे दिसतात, ती सोडून.

हे असं पूर्वीही होत होतं. उपनगरातल्या माणसाचं शहरात काहीतरी कायमच राहून जायचं. पण अंतराची एक मेहेरबानी होती, बातमी उशिरा यायची. पार्टी कशी झाली हे सोमवारी कळायचं, तोवर सांगणाऱ्याचाही उत्साह ओसरलेला असायचा. आता पार्टी चालू असतानाच ती दहिसरच्या बेडरूममध्ये दिसते. आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये हात मोकळा मिळालाच, तर तेच पुन्हा बघायला सव्वा तास असतो.

दहिसरला लागूनच मंडपेश्वरची लेणी आहेत. त्या नावाचं मेट्रो स्टेशनसुद्धा आहे. पलीकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी. वर्षानुवर्षं इथे राहून ही लेणी न पाहिलेले लोक ढिगाने सापडतील. त्यांतल्या कुणालाही ‘अरेरे, राहिलं’ म्हणून रात्री झोप लागत नाही, असं होत नाही. कारण त्यांच्या ओळखीचं कुणी तिथून स्टोरी टाकत नाही. फोमोचं मूळ इथे सापडतं. आपलं काय हुकलं यापेक्षा, ते दुसऱ्या कुणाला मिळालेलं आपण पाहिलं का, यावर सगळं ठरतं.

चोवीस तासांची युक्ती

आणि ते दिसत राहावं अशीच सोय अ‍ॅपमध्ये केलेली आहे. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये ‘स्टोरी’ आणली, चोवीस तासांनी पुसली जाणारी. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने तीच कल्पना उचलली. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने स्टेटस त्याच धाटणीचं केलं आणि स्टोरी काय असते हे काका-मावशींनाही कळलं.

फोटो कायमचा ठेवायची सोय असताना तो मुद्दाम पुसायचा का? कारण जे उद्या दिसणार नाही ते आज बघावंच लागतं. प्रोफाइलभोवतीचं रंगीत वर्तुळ सांगतं की तू अजून पाहिलेलं नाहीस. खाली ‘कुणी पाहिलं’ची यादी असते, म्हणजे टाकणाऱ्यालाही पुन्हा पुन्हा यावं लागतं. ‘फक्त २ जागा शिल्लक’, ‘आत्ता ३४० जण हे बघत आहेत’ असं म्हणणारी खरेदीची अ‍ॅप हीच विद्या वापरतात. बुक माय शोच्या रांगेचा नंबर कंपनीने सोयीसाठी दिला असेल, पण त्याचा परिणाम तोच झाला. पुढे लाखो लोक आहेत म्हटल्यावर मागे फिरण्याऐवजी माणूस आणखी घट्ट चिकटला. एवढे लोक उभे आहेत म्हणजे काहीतरी असणार!

कुणालाच नको असलेली गोष्ट सगळे का वापरतात?

या विषयावरचा सगळ्यात बोलका प्रयोग अर्थशास्त्रज्ञांनी केलाय. लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या हजाराहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे तुझं खातं बंद ठेवायचे किती पैसे घेशील? टिकटॉकसाठी सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर. इथपर्यंत ठीक. लोकांना अ‍ॅप आवडतं, म्हणून सोडायचे पैसे मागतात.

मग त्यांनी प्रश्न फिरवला. तुझ्या कॉलेजमधल्या सगळ्यांचीच खाती बंद झाली तर? आता उत्तर उलटं झालं. तसं होणार असेल तर आम्हीच पदरचे पैसे देतो, असं विद्यार्थी म्हणाले. टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर.

हे जरा सावकाश वाचा. सगळे तिथे आहेत म्हणून मी पैसे घेतल्याशिवाय निघणार नाही. पण सगळे निघणार असतील तर मी पैसे देऊन निघेन. म्हणजे अनेकांना मुळात ती जागा नकोच आहे, त्यांना फक्त एकटं बाहेर राहायचं नाहीये. संशोधकांनी याला सामूहिक सापळा म्हटलंय. बोलीभाषेत सांगायचं तर ग्रुपमधल्या प्रत्येकाला ट्रिप रद्द व्हावी असं वाटतंय, पण ‘रद्द करू या’ असं पहिल्यांदा कुणी म्हणायचं?

‘फोन बाजूला ठेव’ हा घरातला सल्ला म्हणूनच कुचकामी ठरतो. दहिसरच्या मुलीने फोन बाजूला ठेवला तरी ग्रुप चालूच राहतो. पुढच्या शनिवारचा बेत त्याच ग्रुपवर ठरतो आणि तिला तो रविवारी कळतो. तिची भीती खोटी नाही. ती नसताना तिचं खरोखरच काहीतरी हुकतं.

रांग रस्त्यावर उतरते तेव्हा

स्क्रीनवरच्या रांगेत कुणाचा जीव जात नाही. रस्त्यावरच्या रांगेत जाऊ शकतो.

टी-२० विश्वचषक जिंकून भारतीय संघ मायदेशी परतला तेव्हा कर्णधार रोहित शर्माने ‘एक्स’वरून लोकांना ४ जुलै २०२४ ला संध्याकाळी पाचपासून मरीन ड्राइव्ह आणि वानखेडेवर यायचं आमंत्रण दिलं. रोहित वाढला दहिसरच्या शेजारी, बोरिवलीत, त्यामुळे उपनगरांत तर हा घरचाच सोहळा होता. लाखो लोक आले. इतके, की आता कुणी मरीन ड्राइव्हकडे येऊ नका असं पोलिसांना त्याच ‘एक्स’वरून सांगावं लागलं. एक पोस्ट लोकांना बोलावत होती, दुसरी परत पाठवत होती, आणि मधल्या काळात प्रत्येक फोनवर गर्दीचे व्हिडिओ येत होते. ते बघून लोक घरी थांबले का? उलट चर्चगेटच्या गाड्या भरतच राहिल्या. त्या रात्री काही जणांना गुदमरल्यामुळे आणि दुखापतींमुळे रुग्णालयात न्यावं लागलं. मुंबई थोडक्यात वाचली, असंच म्हणावं लागेल.

बंगळुरू वाचलं नाही. ४ जून २०२५ ला आरसीबीच्या आयपीएल विजयाचा सोहळा चिन्नास्वामी स्टेडियमवर होता. आदल्या रात्री सामना संपला आणि सकाळी संघाच्या सोशल मीडियावरून मिरवणुकीची बातमी फिरली. स्टेडियमची क्षमता साधारण ३५ हजार, बाहेर जमलेले लोक लाखांत. चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला, त्यात तरुण जास्त होते. बंदोबस्त आणि परवानगी यांत काय चुका झाल्या हा तपासाचा आणि कोर्टाचा विषय. पण काही तासांच्या नोटिशीवर लाखो लोक एका जागी आणणं आता एका पोस्टचं काम उरलंय, आणि आपली गर्दीची व्यवस्था अजून महिनाभर आधी ठरलेल्या सभांच्या हिशेबाने चालते.

खिशाला पडणारं भोक

कोल्डप्लेच्या तिकीटविक्रीच्या दुसऱ्याच दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, सेबीचा एक अहवाल आला. स्क्रीनशॉटच्या गर्दीत तो फारसा कुणी शेअर केला नाही. शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यवहार करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले होते. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. या व्यवहारांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं होतं. आणि सलग दोन वर्षं तोटा खाऊनही तीन चतुर्थांशांहून जास्त लोक खेळतच राहिले.

या सगळ्याला फोमोच जबाबदार असं सेबी म्हणत नाही. पण नफ्याचे स्क्रीनशॉट कुठे दिसतात आणि तोट्याचे कुठे लपतात, हे फोन वापरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. १०० जणांतले ७ जिंकतात, ते सातही स्टोरी टाकतात. बघणाऱ्याला वाटतं सगळेच जिंकतायत.

आणि हे फक्त तरुणांचं दुखणं आहे असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये ‘टोरेस’ या दागिन्यांच्या दुकानांची शटर अचानक खाली आली. दर आठवड्याला भरघोस परतावा आणि नवीन माणूस आणला तर जादा पैसे, अशी ती योजना होती. तिच्या शाखा कांदिवलीलाही होत्या आणि मिरा रोडलाही, म्हणजे दहिसरच्या दोन्ही बाजूंना. पैसे अडकलेल्यांत भाजीवाले होते, गृहिणी होत्या, निवृत्त माणसं होती. शेजारणीला या आठवड्यात किती मिळाले हे कळायला इन्स्टाग्राम लागत नाही, सोसायटीचा जिना पुरतो.

मग करायचं काय?

सोशल मीडिया एकदम सोडून देणं बहुतेकांना जमत नाही, आणि तसं का ते वर आलंच आहे. पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी २०१८ मध्ये केलेला एक प्रयोग कामाचा आहे. १४३ विद्यार्थ्यांपैकी काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट दिवसाला प्रत्येकी फक्त दहा मिनिटं वापरायला सांगितलं, तीन आठवडे. बाकीच्यांना नेहमीसारखं वापरू दिलं. दहा मिनिटंवाल्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झालं, ते अपेक्षितच होतं.

गंमत पुढे आहे. फोमो दोन्ही गटांत कमी झाला, अगदी नेहमीसारखं वापरणाऱ्यांतही. कारण आपण कुठलं अ‍ॅप किती वापरलं याचे स्क्रीनशॉट रोज पाठवणं दोन्ही गटांना सक्तीचं होतं. दुसऱ्यांचं आयुष्य बघता बघता पहिल्यांदा त्यांना स्वतःचा दिवस कुठे जातो ते दिसायला लागलं, आणि संशोधकांच्या मते बहुधा तेवढ्यानेच फरक पडला. आयफोनमध्ये हा हिशेब ‘स्क्रीन टाइम’ नावाने असतो, अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ नावाने. दोन्ही सेटिंग्जमध्येच आहेत.

सापळा सामूहिक असेल तर सुटकाही ग्रुपनेच जमते. चार मैत्रिणींनी ठरवलं की बाहेर गेल्यावर स्टोरी दुसऱ्या दिवशी टाकायची, तर घरी राहिलेल्या पाचवीला ती रात्र तरी सुखाची जाते. जमायची जागा चर्चगेटऐवजी कधीतरी बोरिवली ठेवली तर तीही येऊ शकते.

कोल्डप्लेपुरतं म्हणाल, तर मुंबईनंतर बँड अहमदाबादला गेला, २५ आणि २६ जानेवारीला. त्यासाठी पश्चिम रेल्वेने वांद्रे टर्मिनसहून खास गाड्या सोडल्या. २६ तारखेचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर घरबसल्या लाइव्ह दिसला. ना रांग, ना नंबर, ना शेवटची विरार लोकल. त्यात एक ठरलेला क्षण असतो. गाणं मध्येच थांबवून गायक ख्रिस मार्टिन प्रेक्षकांना विनंती करतो की, एवढं एक गाणं फोन खिशात ठेवून ऐका.